तीन ऋतू

आमच्या घरात चपातीसुद्धा रिजेक्ट व्हायची. पप्पा अंधेरीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. दिवसभर ते व्हॉल्व्हचे सुटे भाग गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून बघायचे. गेजमध्ये बसला तो पास, नाही बसला तो लाल डब्यात. संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुतले तरी ते काम त्यांच्या अंगावरून उतरत नसे. ताटात पडलेली चपाती ते दोन्ही हातांनी उचलून ट्यूबलाइटकडे धरत आणि कड जाड निघाली की न बोलता बाजूला ठेवत. ती चपाती आई स्वतःच्या ताटात घ्यायची. माझ्या लहानपणी आई रोज रिजेक्ट चपात्याच खायची आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. मलाही नाही.

मरोळच्या त्या दोन खोल्यांवरून विमानं इतकी खालून जात की भांडी वाजायची. सकाळची कौटुंबिक प्रार्थना पप्पा उभं राहून, डोळे मिटून, खणखणीत आवाजात करत. मध्ये विमान आलं की ते थांबत, विमान गेलं की अडलेल्या शब्दापासून पुन्हा सुरू करत. गोंगाटात देवाला ऐकू गेलं नसणार याबद्दल त्यांना शंका नव्हती. मी आणि माझा भाऊ शमू, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, डोळे किलकिले करून एकमेकांना बघत असू. आई मात्र घड्याळ बघायची. ती महापालिकेच्या शाळेत पहिलीच्या वर्गावर होती, शाळा सकाळची, आणि प्रार्थनेत तीन विमानं आली की तिची बस चुकायची. शनिवारी खारदांड्याची कोळीण मावशी टोपली घेऊन इमारतीत यायची. आई तिच्याशी बोंबलांवरून घासाघीस करायची तेव्हा तिचा आवाज वेगळाच लागायचा, मोकळा, वर्गातला. पप्पांसमोर तो आवाज तिने कधी काढला नाही.

आमची मंडळी म्हणजे आजोबांपासूनचं मराठी चर्च. पेटी, तबला, भजनं, उपासनेनंतर पितळी पेल्यातला चहा. मी सहावीत असताना पप्पांनी ते सोडलं आणि आम्ही अंधेरी पश्चिमेला एका हॉटेलच्या हॉलमध्ये भरणाऱ्या इंग्रजी फेलोशिपला जाऊ लागलो. तिथे एसी होता, गिटार होती, आणि एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणणारी, गाडीतून येणारी माणसं होती. त्यांची मुलं तासन् तास ताठ बसत, मोठ्यांशी न अडखळता इंग्रजी बोलत. पप्पा त्यांच्याकडे गेजमध्ये नेमका बसलेला पार्ट बघावा तसं बघत. मग कळलं की ही मुलं शाळेतच जात नाहीत. अमेरिकेहून मागवलेल्या ख्रिस्ती अभ्यासक्रमावर घरीच शिकतात. परतताना बसमध्ये पप्पा म्हणाले, "शाळेत काय काय डोक्यात शिरतं पोरांच्या." माझ्या डोक्यात शाळेत शिरलं होतं ते म्हणजे अपूर्णांक आणि तेजश्री नावाची मैत्रीण. खरं कारण वेगळं होतं. आम्ही मराठी शाळेत, सेमी इंग्रजीत होतो, आणि त्या हॉलमध्ये कुणी आम्हाला नाव विचारलं की पप्पांना आमच्या उत्तराची लाज वाटायची. मी वर्गात पहिल्या तिघींत यायचे. ते त्यांनी तिथे कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही.

ईस्टरनंतर फेलोशिपने मनोरीला एका बंगल्यावर दोन दिवसांचं शिबिर ठेवलं. मार्व्याहून बोटीने गेलो. पडवीत डॅफ्नी आंटीने दोन टेबलं मांडली होती. घरी शिकणाऱ्या सगळ्या मुलांची व्यवस्था त्या बघत. एका टेबलावर जाड, रंगीत, कडक पुठ्ठ्याची पुस्तकं. दुसऱ्यावर पातळ पुस्तिकांचे गठ्ठे. मी पहिल्या टेबलाशी गेले ती तिथून हललेच नाही. विज्ञानाच्या पुस्तकात मधोमध पारदर्शक पानं होती. पहिल्या पानावर माणूस, अंगावर कातडी असलेला. पान उलटलं की कातडी गेली, खाली स्नायू. अजून एक उलटलं की फुफ्फुसं, जठर, आतडी. शेवटी नुसती हाडं. मी पानं पुढे-मागे करत त्या माणसाला सोलत राहिले, पुन्हा कातडी चढवत राहिले. समोरच्या घोळक्यातली एक मुलगी इंग्रजीत दुसरीला म्हणाली की हिला वाटतंय हे चित्रांचं पुस्तक आहे, आणि दोघी सभ्यपणे हसल्या. त्यांना हसण्याचंही वळण होतं.

"देखो ब्रदर," डॅफ्नी आंटी पप्पांना सांगत होत्या, "मम्मी टीचर है ना, तो बडी किताबें लो. बेस्ट है. मगर रोज किसी को बच्चे के साथ बैठना पडेगा. वो नहीं जमता तो ये बुकलेट्स. बच्चा खुद पढता है, खुद चेक करता है, टीचर का झंझट ही नहीं. लेकिन पहले लेव्हल टेस्ट. नीचे के पेपर से चालू करो. जहाँ बच्चा अटका, वहीं से स्टार्ट."

टेस्ट हा शब्द ऐकल्यावर पप्पांचा चेहरा उजळला. दोन्ही मुलांच्या टेस्टचे पेपर त्यांनी तिथेच घेतले आणि बोटीत छातीशी धरून बसले, खारं पाणी उडू नये म्हणून.

त्याच आठवड्यात जेवताना त्यांनी निकाल लावायची रीत सांगितली. "रूथ सातवीच्या पेपरपर्यंत पोचली तर मोठी पुस्तकं. मग सुमन, तू जूनमध्ये राजीनामा दे. तिथल्या सगळ्या सिस्टर घरी राहूनच शिकवतात. तूच एक बाहेर जातेस. शमूलाही तूच बघशील. नाही पोचली तर दोघांना पुस्तिका. त्यात तुझी गरज नाही. मग तू तुझी शाळा बघायची आणि घरच्या शिकवण्यात तोंड घालायचं नाही."

आई म्हणाली, "बरं." आणि वाटीत कालवण वाढलं.

मला त्या रात्री आनंदाने झोप येईना. शाळा सुटणार, तेजश्री सुटणार, त्याचं वाईट वाटत होतं. पण पुस्तक मिळणार होतं आणि आईही. अख्खा दिवस आई. सकाळी चपला घालून जिन्यात नाहीशी होणारी आई आता माझ्या शेजारी बसून त्या माणसाची पानं उलटणार, घासाघीस करतानाच्या त्या मोकळ्या आवाजात मला फुफ्फुसं समजावणार. पहिलीतल्या पोरांना मिळत होती ती आई मला मिळणार होती. सातवीच्या पेपरपर्यंत पोचणं मला मुळीच अवघड वाटत नव्हतं. मी हुशार होते आणि ते मला माहीत होतं.

टेस्टसाठी पप्पांनी रजा टाकली. मे महिना होता. आईच्या शाळेला सुट्टी, मावशीने पावसाळ्याची सुकट आणून टाकलेली, आणि आई भिंतीला टेकून सुपात सुकट निवडत बसलेली. सगळ्या खोलीला तो वास. घडीच्या टेबलाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला शमू, मध्ये पप्पा, हातात लाल पेन. तिसरीचा पेपर मी चुटकीसरशी संपवला. चौथीच्या पेपरात नाणी आली. कुठल्या कुठल्या नाण्यांचा मिळून एक डॉलर होतो, कुठल्या नाण्यावर कोण आहे. मग एका फुटात किती इंच, एका यार्डात किती फूट. आम्ही मीटर-सेंटीमीटरवर वाढलेली पोरं. मी अंदाजाने लिहीत गेले. आणि मग एक प्रश्न आला जो मला येत होता. वर्षात ऋतू किती, त्यांची नावं लिहा. मी सुटकेचा श्वास टाकला आणि वळणदार इंग्रजी अक्षरात लिहिलं, तीन. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा.

शमू मात्र घडाघड लिहीत होता. आमच्याकडे टीव्ही नव्हता, पप्पा त्याला सैतानाचा डबा म्हणायचे. शेजारच्या सावंतकाकूंकडे तो चोरून कार्टून बघायचा. त्या कार्टूनमधली सगळी पोरं क्वार्टर आणि डाइमची नाणी घेऊन आइस्क्रीम आणायला जायची आणि पानं गळायला लागली की फॉल नावाचा ऋतू आला म्हणायची. सैतानाच्या कृपेने शमू चौथीचा पेपर पास झाला आणि पाचवीच्या पेपरला लागला.

माझा पेपर तपासताना पप्पांनी उत्तरांची पुस्तिका शेजारी उघडून ठेवली होती. टिक, फुली, टिक. बेरीज केली. पुन्हा केली. पास व्हायला एकच उत्तर कमी पडत होतं. ते मागे गेले आणि ऋतूंच्या प्रश्नावर पेन टेकवून थांबले. मला हे सांगितलंच पाहिजे की पप्पा अन्यायी नव्हते. गेज झिजलेलं असू शकतं, हे त्यांना कामावरून माहीत होतं. शंका आली की दुसऱ्या माणसाला दाखवायचं, अशी त्यांच्याकडे पद्धत होती.

"सुमन," ते म्हणाले, "तू टीचर आहेस. हिने तीन ऋतू लिहिलेत. ह्यांच्या पुस्तकात चार आहेत. आपल्याकडे तीनच ना? देऊ का मार्क?"

सुपातली आईची बोटं थांबली. तिच्या वर्गाच्या भिंतीवर तिने स्वतः रंगवलेला तक्ता होता. आंबा, छत्री, स्वेटर. मी त्याला खळ लावून दिली होती. दर वर्षी पन्नासेक पोरांकडून ती ते तीन शब्द घोकून घ्यायची. तिने माझ्याकडे बघितलं. चांगलं सावकाश बघितलं. मी हसले, कारण मला वाटलं झालं, सुटले.

"त्यांच्या पुस्तकात जे आहे तेच धरा," आई म्हणाली, आणि सुकटीतली काडी काढून बाजूला टाकली.

पप्पांनी फुली मारली. पट्टीने मारावी तशी सरळ.

"आई, तू तीनच शिकवतेस," मी म्हटलं.

"वर्गातलं वर्गात."

"आई, पण तीनच आहेत."

"चौथी तर चौथी," ती सुपाकडे बघत म्हणाली. "परत एकदा केलं की पक्कं होतं."

मी रडत होते. शमूने पेपरवरून मान वर काढून विचारलं, "म्हणजे मी पुढे आणि ही मागे?" पप्पा म्हणाले, हो, आणि देवाचे आभार मानायला उभे राहिले. रात्री सुकट, कांदा आणि चपात्या. पप्पांनी एक चपाती उजेडाकडे धरली आणि बाजूला ठेवली. आईने ती उचलली आणि त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या नाही, माझ्या ताटात टाकली. मी ती खाल्ली. दुसरं काय करणार होते?

आईला काय वाचवायचं होतं ते मला त्या दिवशी कळलं नाही. कळलं जूनमध्ये, शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी. ती साडीला इस्त्री करत होती आणि गुणगुणत होती. आमच्या घरात आईला गुणगुणताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. तिने एका फुलीत नोकरी राखली होती, सकाळची बस, तक्ता, पन्नास पोरं आणि तिचा तो आवाज. किंमत म्हणून मला दिलं होतं. लोक मला सांगतात की बायकांच्या त्या पिढीला समजून घ्यायला हवं. मी समजून घेतलंय. मला अगदी नीट समजतं. समजलं म्हणून राग जातो असं ज्यांना वाटतं, त्यांच्यावर कधी कुणी राग येण्यासारखी वेळ आणलेली नसावी.

पप्पांनी कारखान्यातून पॅकिंगचं प्लायवूड आणलं आणि खोलीच्या भिंतीला लावून आमच्यासाठी दोन खण केले. तोंड भिंतीकडे, दोन्ही बाजूंना फळ्या. माझ्या नाकासमोर प्लायवर 'ही बाजू वर' असं इंग्रजीत छापलेलं होतं. फळीवर भोक पाडून त्यात छोटा झेंडा. काही अडलं की झेंडा लावायचा आणि मोठं माणूस येईपर्यंत थांबायचं, बोलायचं नाही, जागेवरून उठायचं नाही. फेलोशिपच्या घरांत मोठं माणूस घरातच असे. आमच्याकडे ते संध्याकाळी सहाला यायचं. सकाळी दहाला अडलं की माझा झेंडा दिवसभर लागलेला. आई दुपारी शाळेतून परतायची, पर्स खुंटीला लावायची, माझ्या खणामागून स्वयंपाकघरात जायची. एकदा मी उठलेच आणि पुस्तिका तिच्यासमोर धरली. भागाकारच होता, तिला डोळे मिटून आला असता. तिने हात पुसले, पुस्तिकेकडे न बघता म्हणाली, "पप्पा आले की विचार. मला तोंड घालायचं नाही असं ठरलंय." आणि डाळीला फोडणी दिली.

शमू वरच्या इयत्तेत, म्हणून पप्पांनी त्याला माझा मॉनिटर केलं. दहा वर्षांचं ते पोर माझ्या पुस्तिका तपासायचं आणि फुलीच्या वेळी जीभ बाहेर काढायचं. मला तो चौथी म्हणू लागला. "ए चौथी, पाणी आण." सावंतकाकूंच्या मुलांनी ते उचललं, मग इमारतीतल्या सगळ्यांनी. नाताळात नगरहून आलेल्या काकांनी विचारलं, "काय चौथी, कितवीत आता?" आणि सगळे पोट धरून हसले. आईही हसली. शमू आज कॅनडात मोठ्या हुद्द्यावर आहे. फोनवर अजून चुकून चौथी म्हणतो आणि मग सॉरी म्हणतो. चुकून हे त्याचं म्हणणं.

दोन वर्षांनी डॅफ्नी आंटी ऑस्ट्रेलियाला मुलाकडे गेल्या, फेलोशिप दोन गटांत फुटली, आणि पप्पा आम्हाला पुन्हा मराठी चर्चच्या बाकावर घेऊन बसले. पुस्तिका माळ्यावर गेल्या. शमूला वयामुळे शाळेने ठेवून घेतलं. मला कुठल्या वर्गात बसवायचं हे कुणाला ठरवता येईना, म्हणून शेवटी सतरा नंबरचा फॉर्म भरून मी बाहेरून दहावी दिली, तीही उशिरा. परीक्षेच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई होती जिचं तान्हं बाळ सासू बाहेर घेऊन बसली होती. तेजश्री तेव्हा कॉलेजात होती. स्टेशनबाहेर भेटली, "अगं तू काय करतेस सध्या?" म्हणाली, आणि उत्तर मिळायच्या आत तिची रिक्षा आली. मी पुढे लॅबचा कोर्स केला. चाळिशी उलटली, अजून रक्त तपासते. आकडा हद्दीत बसतो की नाही ते बघते. माणसाचं आत काय असतं ते मला बघायचं होतं, तेवढं बघायला मिळतं.

आई मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. तिच्या अंत्यविधीला तिची पोरं लोटली होती, टकलं पडलेली, पोटं सुटलेली पोरं, आणि धाय मोकलून रडत होती. एकजण माझा हात धरून म्हणाला, "ताई, बाईंनी मला घडवलं. माझ्यासाठी त्या दुपारी थांबायच्या." मी म्हटलं, "हो का." मला तेव्हा ती डाळीची फोडणी आठवली.

पप्पा त्याच घरात एकटे राहतात. खिडकीसमोरून आता मेट्रो जाते, वरून विमानं आहेतच. गेल्या वर्षीपासून ते गॅस चालू ठेवून झोपायला लागले. सावंतकाकूंच्या सुनेने दोनदा धावत जाऊन बंद केला. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. तरुण बाई होत्या, गोड बोलणाऱ्या. म्हणाल्या, एक छोटी टेस्ट घेऊ, मार्क ठीक आले तर अजून काही दिवस त्यांच्या घरी राहू द्यायला हरकत नाही. नाहीतर एकटं ठेवता येणार नाही, कुठेतरी सोय बघावी लागेल. पप्पांना एवढं समजत होतं. त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली आणि ताठ बसले.

साल चुकलं. वार बरोबर आला. गावाचं नाव, मजला बरोबर. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, त्यातला एक आठवला. डॉक्टरबाई खुणा करत होत्या आणि मी त्यांच्या पेनकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "आजोबा, सध्या कोणता ऋतू चालू आहे?"

ऑक्टोबर होता. खिडकीबाहेर भाजणारं ऊन, पण सकाळी एक जोरदार सर येऊन गेली होती आणि पप्पांची छत्री खुर्चीला टेकून अजून ठिबकत होती. त्यांनी छत्रीकडे बघितलं. खूप विचार केला. म्हणाले, "पावसाळा."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. त्यांनी कागद बघितला, बेरीज केली असावी, मग छत्री बघितली आणि हसून मला म्हणाल्या, "आमच्या कागदावर ऑक्टोबरला पावसाळा धरत नाहीत. पण हल्ली काही नेम आहे का पावसाचा? एका मार्काने राहतायत. काय करू ताई, देऊन टाकू?"

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. हसले, सुटका झाल्यासारखे.

"तुमच्या कागदावर जे आहे तेच धरा," मी म्हटलं, आणि पर्समध्ये रिक्षासाठी सुटे शोधायला लागले.

रिक्षात ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मरोळ नाक्याच्या अलीकडे म्हणाले, "रूथ, पास झालो ना गं?"

"नाही," मी म्हटलं.

"मग आता?"

"परत एकदा द्यायची. परत एकदा केलं की पक्कं होतं."

त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. वरून एक विमान खाली उतरत गेलं. त्याचा आवाज विरेपर्यंत ते थांबले आणि मग अडलेल्या शब्दापासून पुन्हा म्हणाले, "पास झालो ना गं?"

"नाही," मी म्हटलं.